डिस्कविना सुरू होणारा संगणक

संगणकात हार्डडिस्क नसली तरी तो सुरू होऊ शकतो. त्याची डिस्क दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरवर असते, मधे फक्त नेटवर्क. डिस्कला द्यायच्या आज्ञा टीसीपी-आयपीच्या पाकिटांतून पाठवणारी ही पद्धत म्हणजे आयस्कझी. तिचे प्रमाणीकरण २००४ मध्ये झाले.

बटण दाबताच नेटवर्क कार्डातला पीएक्सई हा छोटा प्रोग्राम डीएचसीपी सर्व्हरकडे पत्ता मागतो. कोणती फाइल उतरवायची, तेही त्याला तिथेच कळते. ती फाइल आयपीएक्सई या बूट प्रोग्रामची असेल, तर ती डिस्क असलेल्या सर्व्हरच्या ३२६० क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन डिस्क जोडून घेते.

खरी कसोटी सर्व्हरवर असते. लिनक्समध्ये टार्गेटसीएलआय हे साधन वापरून आधी डिस्कसाठी जागा राखायची. मग 'आयक्यूएन'ने सुरू होणाऱ्या नावाचे टार्गेट, म्हणजे संगणक ज्याला जोडला जातो ते ठिकाण, तयार करायचे, ती जागा त्याला एलयूएन, म्हणजे क्रमांक दिलेली डिस्क, म्हणून जोडायची आणि कोणत्या यंत्राला ती उघडायची हे नोंदवायचे. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. एकच डिस्क दोन संगणकांना लिहायला दिली, तर एकाने केलेले बदल दुसऱ्याला कळत नाहीत आणि एक्स्टफोर किंवा एनटीएफएससारखी फाइलव्यवस्था बिघडते. म्हणून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र प्रत द्यावी. मूळ प्रत फक्त वाचण्यापुरती ठेवून प्रत्येकाचे बदल वेगळे साठवले, तर जागाही वाचते.

आणखी एक गोष्ट. आयस्कझीत ओळख पटवण्यासाठी वापरला जाणारा चॅपचा पासवर्ड फक्त ओळख तपासतो. जाणारा-येणारा डेटा उघडाच राहतो. प्रयोगशाळेत ही सोय करणार असाल, तर डिस्कच्या वाहतुकीसाठी वेगळे नेटवर्क जरूर ठेवा.