भरणपोषणापलीकडचे

कोकणातील मुलगा मुंबईस चाकरमानी झाला, की पुष्कळदा घरी मागे आई उरते. सकाळी सडा-सारवण, तुळशीला पाणी, दुपारी एकटीपुरता भात; हा क्रम चुकत नाही. मात्र वैशाखात आमसुले वाळवताना आणि फणसपोळी घालताना तिचा हात एकटीपुरता राहत नाही. मुंबईचा वाटा आधी बाजूला निघतो.

संसदेने २००७ साली मातापित्यांच्या भरणपोषणाचा कायदा केला आणि निर्वाहभत्त्यास दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. उपेक्षित वृद्धांना हा आधार अवश्य हवा. परंतु नेमाने पैसे पाठविणाऱ्या मुलाची आईही वाट पाहतच असते, आणि त्या प्रतीक्षेची दाद कोणत्याही न्यायाधिकरणाकडे मागता येत नाही.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पुढे दूरध्वनी खिशात आला. तरीही अनेकांचे येणे गणपतीपुरतेच राहिले. आता सबब रस्त्याची उरलेली नाही, रजेची तेवढी आहे. पैसे पाठविणे हे कर्तव्य खरेच; पण तिच्या पानाशेजारी बसून जेवणे हेही कर्तव्यच होय. त्यासाठी वर्षातून आणखी एखादी रजा राखून ठेवणे फारसे कठीण नाही.