वेताळाच्या आधीची गोष्ट

गेल्या सत्रात वाचनाच्या तासाला सातवीतील एका विद्यार्थ्याने 'वेताळपंचविशी' वाचून परत आणली आणि विचारले, "बाई, याच्या आधीचा भाग कुठे आहे?" आम्ही सांगून टाकले, "आधीचा भाग नसतो रे. राजा स्मशानात जातो, प्रेत खांद्यावर घेतो, तिथूनच सुरुवात." त्याचे समाधान झाले नाही. "पण मग एवढ्या गोष्टी आल्या कुठून?"

आमचे उत्तर चुकले होते. आधीचा भाग आहे, आणि तो आमच्याच कपाटात होता. ग्रंथालयाचे काम पाहणाऱ्या आम्हा शिक्षकांना तो ठाऊक असायला हवा होता. त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्यासारख्या इतरांना उत्तर म्हणून हा लेख.

एखादी कथामाला लोकांच्या मनात घर करून बसली, की पुष्कळदा तिच्या आधीच्या काळातली गोष्ट मागाहून लिहिली जाते. इंग्रजीत तिला प्रीक्वेल म्हणतात, आपण पूर्वकथा म्हणू. पोलंडचे लेखक आंजेय सापकोव्स्की यांनी भुताखेतांशी झुंजणाऱ्या 'विचर'ची पहिली कथा १९८६ साली एका मासिकात लिहिली. पाच कादंबऱ्यांची त्यांची मालिका १९९९ साली पूर्ण झाली, आणि २०२४ साली त्यांनी त्याच नायकाच्या उमेदवारीच्या दिवसांवर एक स्वतंत्र कादंबरी काढली. आमच्या काही माजी विद्यार्थ्यांना हा विचर संगणकावरील खेळामुळे माहीत आहे. (ही पुस्तके मोठ्यांसाठी आहेत व शाळेत ठेवलेली नाहीत, हे पालकांच्या माहितीसाठी.) अशी पूर्वकथा मालिका न वाचताही समजली पाहिजे आणि मालिका वाचलेल्याला काहीतरी नवे मिळाले पाहिजे. दोन्ही साधणे सोपे नाही.

पण ही रीत परदेशातली नव्हे. अगदी अशीच एक पूर्वकथा आपल्या पैठणच्या राजाच्या नावावर आहे.

काश्मीरच्या सोमदेव नावाच्या कवीने अकराव्या शतकात राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी 'कथासरित्सागर' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात १८ लंबक म्हणजे मोठे भाग आणि १२४ तरंग आहेत. राक्षस, विद्याधर, शाप, स्मशानातल्या साधना, परकायाप्रवेश असा सगळा अद्भुत आणि पुष्कळदा भयाण मामला आहे. आपण 'चांदोबा'त वाचलेला किंवा १९८५ च्या सुमारास दूरदर्शनवर पाहिलेला वेताळ याच ग्रंथाच्या बाराव्या लंबकात भेटतो. तेथे राजाचे नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी उज्जयिनी नसून गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे पैठण आहे!

सोमदेव स्वतः सांगतो, की आपला ग्रंथ हा 'बृहत्कथा' या फार जुन्या ग्रंथाचा सारांश आहे. मूळ बृहत्कथा गुणाढ्य नावाच्या कवीची, पैशाची भाषेतली. ती आज उपलब्ध नाही, पण ती होती याबद्दल बाण आणि दंडी यांच्यासारख्या मोठ्या लेखकांची साक्ष आहे. सोमदेवाच्या पहिल्या लंबकाचे नाव 'कथापीठ'. फक्त आठ तरंग. हीच ती आधीची गोष्ट.

कैलासावर पार्वती शंकराला म्हणते, कोणी कधी ऐकली नाही अशी गोष्ट सांगा. दारावर नंदीचा पहारा. पुष्पदंत नावाचा गण अदृश्य होऊन आत शिरतो, सगळे ऐकतो आणि घरी जाऊन बायकोला सांगतो. ती पार्वतीलाच ऐकवते. (गुपित फुटण्याची ही पद्धत आजही फारशी बदललेली नाही.) पार्वती पुष्पदंताला मनुष्यजन्माचा शाप देते, आणि त्याची रदबदली करणाऱ्या माल्यवानालाही. उःशाप असा, की पुष्पदंताने विंध्याच्या रानातील काणभूती या पिशाचाला ती गोष्ट सांगावी, त्याने ती माल्यवानाला सांगावी आणि माल्यवानाने ती जगात पसरवावी. गोष्ट पुढे दिली की देणारा सुटतो.

पुष्पदंत वररुची म्हणून जन्मतो. त्याची बायको उपकोशा तीन लंपट अधिकाऱ्यांना काजळ फासून पेटीत कोंडते, तो प्रसंग नववी-दहावीच्या मुलांनी मुळातून वाचावा, आम्ही येथे सांगत नाही. माल्यवान जन्मतो तो गुणाढ्य, आणि पैठणच्या सातवाहन राजाचा मंत्री होतो.

एकदा राजा राण्यांसह जलक्रीडा करत असतो. पाण्याच्या माऱ्याने दमलेली राणी संस्कृतात म्हणते, "मोदकैः" मारा. तिला म्हणायचे होते मा उदकैः, पाण्याने नको. संधी झाल्यावर 'मा' आणि 'उदकैः' मिळून 'मोदकैः' होते. राजाला संधी येत नव्हता. त्याने मोदकांची ताटे मागवली! राणी हसली, आणि राजा लाजेने अंथरुणाला खिळला.

संस्कृत व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्याने रागाने पैज लावली: तसे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्मा जिंकला. गुणाढ्य मुका झाला. राजसभेत ज्याच्याजवळ बोलायला भाषाच उरली नाही असा मंत्री दोन शिष्य घेऊन विंध्याच्या रानात निघून गेला, तिथल्या पिशाचांची बोली ऐकून ऐकून शिकला आणि काणभूतीकडून मिळालेली कथा त्याने सात वर्षे खपून सात लाख श्लोकांत लिहिली. रानात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने.

राजाने ती झिडकारली. भाषा नीरस, अक्षरे रक्ताची! मग गुणाढ्याने एका टेकडीवर अग्नी पेटवला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरे चरणे विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली आणि रोडावली. राजाच्या पानात येणारे मांस नीरस झाले, राजा आजारी पडला, आणि कारण शोधता शोधता तो स्वतः तेथे पोहोचला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरले एक लाख. राजाने ते मागून घेतले, आणि या ग्रंथाचा जन्म कसा झाला हे लोकांना कळावे म्हणून गुणाढ्याच्या शिष्यांच्या मदतीने 'कथापीठ' रचले. म्हणजे आधीची गोष्ट सर्वांत शेवटी लिहिली गेली, आणि लिहिली ती पुस्तक नाकारणाऱ्याने.

हा इतिहास नव्हे, दंतकथा आहे. बृहत्कथेवरूनच लिहिलेल्या बुधस्वामीच्या ग्रंथात हे कथापीठ नाही, त्यामुळे ते मागाहून जोडले गेले असावे असे काही अभ्यासकांना वाटते. आम्हाला त्याने उणेपणा वाटत नाही. पूर्वकथा मागाहूनच लिहायची असते.

दोन पालकांनी आम्हाला कळवले होते, की स्मशान आणि रक्त असलेली पुस्तके मुलांच्या हाती नकोत. त्यांची काळजी रास्त आहे. कथासरित्सागरात केवळ मोठ्यांनी वाचावा असा मजकूर आहेच, म्हणून पूर्ण ग्रंथ आम्ही आठवीच्या खाली देत नाही. पण कपाटातून तो काढून टाकावा, ही सूचना आम्ही मानली नाही. कथापीठातले रक्त भीती घालण्यासाठी नाही.

आठवीच्या वर्गात आम्ही हा भाग मोठ्याने वाचला तेव्हा घरी वारली बोलणाऱ्या एका मुलीने विचारले, "ते पिशाच होते, तर त्यांनी त्याला बोलायला कसं शिकवलं? म्हणजे ती माणसंच असतील ना?" वर्ग हसला नाही. आम्ही तिला सांगितले, की पैशाची ही खरोखरची प्राकृत बोली मानली जाते, आणि बाराव्या शतकातील हेमचंद्राने तिचे नियमही लिहून ठेवले आहेत. तिला पिशाचांची भाषा कोणी आणि का ठरवले असेल, यावर मग तास संपेपर्यंत चर्चा चालली. सिल्वासात एकाच बाकावर वारली, मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारी मुले बसतात. कोणती भाषा पुस्तकाची आणि कोणती नुसती घरची, हे त्यांना कोणी न सांगताही ठाऊक झालेले असते. गंमत अशी, की ज्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर प्राकृतातली 'गाथासप्तशती' आहे, त्याच घराण्याच्या नावाचा राजा येथे बोलीतले पुस्तक झिडकारतो.

आता आधी काय वाचावे? सोमदेवाने कथापीठ सुरुवातीला ठेवले आहे आणि ते एकटे वाचले तरी कुठे अडत नाही. तरी आमचे मत उलट आहे. आधी वेताळ वाचावा, भरपूर वाचावा, आणि "एवढ्या गोष्टी आल्या कुठून?" हा प्रश्न आपला आपल्याला पडला की मगच कथापीठ उघडावे. सातवीतल्या आमच्या मित्राने क्रम बरोबर धरला होता. त्याच्यासाठी आम्ही कथापीठाचा सोपा सारांश वहीत उतरवून ठेवला आहे.

मराठी अनुवादाचा पहिला खंड ग्रंथालयाच्या टेबलावर आहे. प्रत एकच असल्याने आठवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना ती एका आठवड्यासाठी मिळेल. शिवण सैल झाली आहे, पाने जपून उलटावीत. दुसऱ्या प्रतीसाठी विश्वस्त मंडळाकडे अर्ज दिला आहे.