जुन्या संगणकाला पेनड्राइव्हची संजीवनी

ठाणे, प्रतिनिधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमचे नियमित तांत्रिक साहाय्य बंद केले आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक मध्यमवर्गीय घरांपुढे एक प्रश्न उभा राहिला. टेबलावरचा संगणक व्यवस्थित चालतो आहे. मुलांचा अभ्यास, सोसायटीचा पत्रव्यवहार, रेल्वेचे आरक्षण, बँकेचे व्यवहार सारे त्यावरच होते. मात्र, नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजविणारे सुरक्षाविषयक अपडेट्स त्याला नेहमीप्रमाणे मिळणार नाहीत. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास असे अपडेट्स पुरविण्याची वाढीव योजना कंपनीने आणली, पण तिचीही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ हीच ठेवली.

नव्या ‘विंडोज ११’ची वाट अनेक जुन्या यंत्रांना बंद आहे. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणुकीची जागा एवढ्यावर तिचे भागत नाही. ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप, ‘सिक्युअर बूट’ची सोय आणि ठराविक पिढीचा प्रोसेसर याही तिच्या अटी आहेत. इंटेलच्या बाबतीत ही मर्यादा साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास हौसेने घेतलेला आणि आजही ठणठणीत असलेला संगणक अधिकृतरीत्या ‘अपात्र’ ठरतो.

अशा वेळी दुकानात दोन उत्तरे ठरलेली असतात. नवा लॅपटॉप घ्या, नाहीतर ‘फॉरमॅट मारून’ नवी विंडोज टाकून देतो. तिसरा मार्ग घरातच उपलब्ध आहे आणि तो फारसा अवघडही नाही. अधिकृत प्रत उतरवून घेऊन स्वतः ‘बूटेबल’ पेनड्राइव्ह तयार करणे, हा तो मार्ग होय.

लॅमिंग्टन रोडच्या सीडीपासून

घरोघरी संगणक येऊ लागले त्या काळात ऑपरेटिंग सिस्टीम टाकणे हे जाणकाराचे काम मानले जाई. आधी फ्लॉपीने संगणक सुरू करायचा आणि मग सीडी लावायची, असा क्रम होता. ‘विंडोज एक्सपी’ २००१ मध्ये आली तेव्हा सीडीवरून थेट सुरुवात करणे रूढ झाले होते. डोंबिवलीहून लोकल पकडून दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा, हा संगणकप्रेमींचा परिचित प्रवास होता. तेथून सुटे भाग येत, तशाच मार्करने नाव लिहिलेल्या सीडीही येत. त्यांत मूळ कंपनीने दिलेले किती आणि मधल्या कोणी घुसडलेले किती, हे तपासण्याचे साधन सामान्य ग्राहकाजवळ नव्हते.

पेनड्राइव्ह २००० साली बाजारात आला तेव्हा त्याची क्षमता होती अवघी ८ एमबी. पुढे क्षमता वाढली, किंमत उतरली आणि सीडी ड्राइव्ह नसलेले छोटे लॅपटॉप २००७ नंतर लोकप्रिय झाले. ‘विंडोज ७’ पेनड्राइव्हवर घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये स्वतःच एक साधन उपलब्ध करून दिले. आज बहुतांश लॅपटॉपला सीडीची खाच नाही. सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली, पण मार्करने नाव लिहिलेली, कोठून आली ते ठाऊक नसलेली प्रत वापरण्याची सवय मात्र पुरती गेलेली नाही.

नुसती कॉपी का चालत नाही?

या कामात सर्वाधिक फसगत होते ती एका समजुतीमुळे. इंटरनेटवरून उतरविलेली ‘आयएसओ’ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली की काम झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात संगणक त्या पेनड्राइव्हकडे ढुंकूनही पाहत नाही.

याचे कारण संगणक जागा होण्याच्या पद्धतीत आहे. बटण दाबताच मदरबोर्डवरील चिपमध्ये साठविलेला एक छोटा प्रोग्रॅम चालू होतो. जुन्या यंत्रांत त्याला ‘बायॉस’, तर नव्या यंत्रांत ‘यूईएफआय’ म्हणतात. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो आणि ठरलेल्या क्रमाने एकेका साधनावर ऑपरेटिंग सिस्टीम शोधू लागतो. बायॉस पेनड्राइव्हच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समध्ये सुरुवातीच्या सूचना शोधतो आणि शेवटच्या दोन बाइट्समधील ठराविक खूण पटली तरच पुढे जातो. यूईएफआय ‘फॅट ३२’ पद्धतीने मांडलेल्या भागात, ठराविक फोल्डरमधील ठराविक नावाची फाइल शोधतो.

आयएसओ फाइल म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा असते. ती नुसती कॉपी केली तर पार्सल न फोडता कपाटात ठेवल्यासारखे होते. आतले सामान घरात असते, पण जागेवर लागलेले नसते. ते जागच्या जागी मांडून, सुरुवातीच्या सूचना नेमक्या ठिकाणी लिहून देण्याचे काम विशेष प्रोग्रॅम करतात. यात आणखी एक अडचण असते. फॅट ३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजच्या आयएसओमधील मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. हे प्रोग्रॅम त्यावरही परस्पर तोडगा काढतात.

तयारी काय हवी?

विंडोजसाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. १६ जीबीचा घेतल्यास अडचण येत नाही. तो खात्रीच्या दुकानातूनच घ्यावा. पदपथावर अत्यल्प दरात मिळणाऱ्या ‘१ टीबी’च्या पेनड्राइव्हची खरी क्षमता कित्येकदा त्याच्या अंशमात्र असते. फाइल्स लिहिल्या गेल्याचे दिसते, पण नंतर त्या वाचता येत नाहीत. पेनड्राइव्हवर आधी जे काही असेल ते या प्रक्रियेत पूर्णतः पुसले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रत नेहमी मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच उतरवावी. ‘लिनक्स मिंट’ सुमारे ३ जीबीची, ‘उबुंटू’ सुमारे ६ जीबीची, तर विंडोज ११ साधारण ५ ते ७ जीबीची असते. लिनक्सच्या बहुतेक निर्मात्यांच्या संकेतस्थळावर फाइलसोबत ‘एसएचए-२५६’ नावाची ६४ अक्षरी खूण दिलेली असते. उतरविलेल्या फाइलची खूण काढून ती त्याच्याशी ताडून पाहावी. एका अक्षराचाही फरक पडला तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा तिच्यात ढवळाढवळ झाली आहे, असे समजावे. लॅमिंग्टन रोडच्या सीडीच्या काळात सामान्य ग्राहकाला न करता येणारी तपासणी आज पाच मिनिटांत, विनाखर्च होते.

प्रत्यक्ष कृती

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया क्रिएशन टूल’ हा सर्वांत सोपा मार्ग. हे साधन प्रत उतरविते आणि पेनड्राइव्हही तयार करून देते. लिनक्ससाठी ‘रुफस’ अथवा ‘बलेना एचर’, तर विंडोजची आयएसओ फाइल हाती असेल तर ‘रुफस’ हे मोफत प्रोग्रॅम वापरता येतात. रुफसमध्ये पेनड्राइव्ह निवडायचा, आयएसओ फाइल दाखवायची आणि विभागणीचा प्रकार ठरवायचा. यूईएफआय असलेल्या संगणकासाठी ‘जीपीटी’, तर जुन्या बायॉससाठी ‘एमबीआर’ निवडावे. नंतर ‘स्टार्ट’ दाबायचे. पेनड्राइव्हच्या वेगानुसार काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. बाहेरची हार्ड डिस्क संगणकाला जोडलेली असेल तर ती आधी काढून ठेवावी. यादीत चुकून तिची निवड झाली तर वर्षानुवर्षांचे फोटो क्षणात जातील.

तयार पेनड्राइव्ह जोडून संगणक पुन्हा सुरू करायचा आणि पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उमटताच ठराविक कळ वारंवार दाबायची. डेल, लेनोव्हो व एसरच्या बहुतेक यंत्रांत ती ‘एफ १२’, एचपीमध्ये ‘एफ ९’, तर असुसच्या लॅपटॉपमध्ये ‘एस्केप’ असते. समोर येणाऱ्या यादीतून पेनड्राइव्ह निवडला की पुढील सूचना पडद्यावर येत जातात. हा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये जोडल्यावर ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असा प्रश्न कधी कधी येतो. त्याला होकार देऊ नये.

आधी पाहा, मग ठरवा

लिनक्सच्या पेनड्राइव्हचा मोठा गुण म्हणजे हार्ड डिस्कला हात न लावता ती चालवून पाहता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, घरचा प्रिंटर ओळखला जातो का, हे आधीच कळते. पसंत न पडल्यास पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. जुनी विंडोज जागेवर असते. विंडोज सुरूच होत नसेल, पण हार्ड डिस्क शाबूत असेल, तर याच मार्गाने आतील फोटो व कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर काढून घेता येतात. डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास मात्र तिची किल्ली लागते.

लिनक्स मिंट २ जीबी रॅमवरही चालते, मात्र ४ जीबी असल्यास काम सुकर होते. ‘मिंट २२’ आणि ‘उबुंटू २४.०४’ या दोन्ही २०२४ मधील आवृत्त्यांना २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळणार आहेत. मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्डची सोयही त्यात असते. भारतात हा प्रयोग नवा नाही. केंद्र सरकारच्या ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली विकसित केली, तर केरळमधील सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग फार पूर्वीच स्वीकारला.

तथापि, लिनक्स हा प्रत्येकाचा पर्याय नव्हे. ‘टॅली’सारखे विंडोजसाठी बनविलेले सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाही. हिशेबाचे किंवा करसल्ल्याचे काम घरून करणाऱ्यांनी हा बदल विचारपूर्वक करावा. रुफसच्या साह्याने अटी वगळून जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसविणेही शक्य आहे. मात्र अशा यंत्रांना अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

पेनड्राइव्ह म्हणजे परवाना नव्हे, हेही स्पष्ट असावे. विंडोजची प्रत मोफत उतरविता येते, परंतु ती वापरण्याचा परवाना वेगळा असतो. ज्या यंत्रावर अधिकृत विंडोज १० होती, त्याच यंत्रावर ती पुन्हा टाकल्यास इंटरनेट जोडल्यावर सहसा आपोआप मान्य होते. ‘अॅक्टिव्हेटर’च्या नावाखाली मिळणारे प्रोग्रॅम टाळावेत. त्यांच्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, यातच सारे आले. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार गुन्हाही आहे.

पुसण्यापूर्वी

संगणक नव्याने उभा करताना खरे नुकसान होते ते माहितीचे. ‘सी’ ड्राइव्हसोबत डेस्कटॉप आणि ‘डॉक्युमेंट्स’मधील सर्व काही जाते. म्हणून आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी आणि दोन-चार फाइल्स उघडून ती वाचता येते याची खात्री करावी.

मराठी वापरकर्त्यांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. अनेक गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते, मंडळांच्या स्मरणिका, लेखकांची हस्तलिखिते ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालीत, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित झालेली आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर हा मजकूर अगम्य चिन्हांत दिसतो. जुनी प्रणाली चालू असतानाच अशा कागदपत्रांच्या पीडीएफ प्रती काढाव्यात आणि ते फाँटही जपून ठेवावेत.

लॅपटॉपवर ‘बिटलॉकर’ चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. बूटची मांडणी बदलताच ती विचारली जाऊ शकते. डेस्कटॉपला इन्व्हर्टर किंवा यूपीएसची जोड नसेल, तर महावितरणने देखभालीसाठी वीजपुरवठा बंद ठेवण्याचे जाहीर केलेला दिवस या कामाला निवडू नये. पडद्यावर ‘संपूर्ण डिस्क पुसावी का’ असा पर्याय येईल, तेथे थांबून डिस्कचे नाव व क्षमता पुन्हा वाचावी. त्या बटणानंतर मागे फिरण्याची वाट नाही.

एवढे करून तयार झालेला पेनड्राइव्ह काम झाल्यावर पुसून टाकू नये. त्यावर आवृत्तीचे नाव व तारीख लिहून तो घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. संगणक अचानक सुरू होईनासा झाला तर तंत्रज्ञाची वाट पाहण्यापूर्वी आतील माहिती सुरक्षित बाहेर काढण्यासाठी तोच पहिल्यांदा उपयोगी पडेल.