वादीवर टांगलेली फळी

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील पुस्तकांच्या पेटीला वाळवी लागली. वरची पुस्तके शाबूत दिसत होती. हात घालताच खालच्या थराची माती हाताला आली. पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, मराठी पुस्तक गेले तर दुसरे आणता येते. अलीकडे, आमच्या आदिलाबादेत, ते इतके सोपे नाही. हा मुलूख १९५६ साली हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात गेला, २०१४ पासून तो तेलंगणात आहे. येथील मराठी मुलाच्या हाती पडणारे अवांतर पुस्तक बहुधा कोणीतरी पिशवीत घालून आणलेले असते.

त्या दिवशी मला आजीचे शिंके आठवले. मांजरापासून दूध राखणारी ती युक्ती पुस्तकांना का लावू नये? वाळवी भिंतीवरूनही मातीची नळी बांधीत चढते, हे खरे. परंतु उघड्या भिंतीवरची नळी डोळ्यांना दिसते, पेटीखालची दिसत नाही.

फळीसाठी लाकूड शोधावे लागले नाही. आमचा जिल्हा सागाचा. एका मोडक्या सागवानी पलंगाची फळी मिळाली. फळी गाभ्याच्या लाकडाचीच हवी. बाहेरच्या पांढुरक्या भागाला वाळवी सोडीत नाही. निर्मळची सुबक खेळणी ज्या पोणकीच्या लाकडाची होतात ते हलके व मऊ, ओझ्याला उपयोगाचे नाही. फळी २४ इंच लांब, ७ इंच रुंद, पाऊण इंच जाड ठेवली आणि रंधा मारला.

चूक झाली ती वाद्यांत. बाजारातून दिसायला गुळगुळीत असे मऊ चामडे आणले. महिन्याभरात एक वादी अर्धा इंच लांबली, फळी कलली आणि पुस्तके एका कडेला घसरली. मग आमच्या गल्लीतील चांभारमामांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "गुरुजी, हे बुटाचं वरचं कातडं. पायासंगती ताणायलाच केलेलं असतं."

त्यांनी बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेले जाड कातडे काढले. कोल्हापुरी चपलेला (तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले) असेच कातडे लागते. रापीने दीड इंच रुंद व ३२ इंच लांब अशा दोन वाद्या कापल्या. खिळ्यापासून भिंतीलगत १० इंच खाली, फळीखालून ७ इंच, मग पुढून तिरकी पुन्हा खिळ्याकडे, असा वादीचा त्रिकोण होतो. वरची दोन टोके एकावर एक येतात. छिद्र गोल पाडावे. नुसती चीर दिली तर ती तेथूनच फाटत जाते. खिळे व चकत्या पितळी घ्याव्यात. लोखंड आणि हिरड्याचे कातडे दमट हवेत एकत्र आले की काळे डाग पडतात. शाई करण्याची जुनी रीत हीच, हे मराठीच्या शिक्षकाला चांभारमामांनी सांगावे लागले!

वाद्या लावण्यापूर्वी आठ दिवस वजन टांगून ताणून घेतल्या. फळीच्या टोकांपासून चार चार इंच आत त्या बसवल्या व खालून एकेक छोटा स्क्रू मारला, म्हणजे फळी सरकत नाही. विटांच्या भिंतीत सागाचा गुटका ठोकून त्यात खिळा पिळला. पाणसळ नव्हती, अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून फळीची पातळी पाहिली. एरंडेल बोटभरच चोळावे, अधिक झाले तर कातडे पुन्हा लेचेपेचे होते.

"पुस्तकांखाली चामडे?" असे एक सहकारी दबक्या आवाजात म्हणाले. चांभारमामा तेव्हा तेथेच ओळंबा धरून उभे होते. भजनातल्या पखवाजाला पुडी कशाची असते, एवढेच मी विचारले. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र घरची चार पुस्तके आणून त्यांनी स्वतः फळीवर मांडली.

आता फळीवर वीसेक पुस्तके आहेत. मामांची नात चौथीत आहे. तिचा हात तेथवर पोहोचत नाही, म्हणून दुसरी फळी खाली लावायची ठरली आहे. तिच्या वाद्या सध्या मामांच्या दारात विटा बांधून टांगलेल्या आहेत.