चार लाखांची गाडी, वीस लाखांचे पार्ट

सकाळी ६.३०, नाचणे रोड

जुनी गाडी बघायची ती थंड इंजिनावर. मालकांना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, मी येईपर्यंत चावी लावू नका. अंगणात गाडी उभी : होंडा अकॉर्ड, २०१२ ची, २.४ लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक, एमएच-०८ पासिंग. बॉनेटवर हात ठेवला. गार. म्हणजे मालकांनी शब्द पाळला.

गाड्यांची पारख करून देणं हा माझा धंदा. मी गाडी विकत नाही, दलाली घेत नाही. घेणाऱ्याकडून बघण्याची फी घेतो आणि संध्याकाळी कागदावर आकडा लिहून देतो. आजचं गिऱ्हाईक पावसकडचे एक आंबा बागायतदार. आईला कंबरेच्या दुखण्यासाठी वरचेवर कोल्हापूरला न्यावं लागतं, घरच्या छोट्या गाडीत तिचे हाल होतात, म्हणून मोठी सेडान हवी. मालक मागतायत सव्वाचार लाख.

मालक निवृत्त इंजिनिअर. "सिंगल हँड आहे, ओ," ते म्हणाले. या बाजारात जवळपास प्रत्येक गाडी सिंगल हँड असते, डॉक्टरांची असते आणि फक्त रविवारी बाहेर पडते. मी मान डोलावली आणि डिपस्टिक ओढली. ऑइल काळपट, पण पातळी बरोबर. झाकणाच्या आत दुधाळ थर नाही, म्हणजे पाणी मिसळलेलं नाही. कूलंटला गंज नाही. मग चावी. पहिल्या फेऱ्यात इंजिन लागलं आणि काटा थोडा वर जाऊन खाली स्थिरावला. सायलेन्सरमागे पांढरं कापड धरलं. निळा धूर नाही, काजळीही बेताची. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसतो, चेन असते. वेळेवर ऑइल बदललं असेल तर ती दीर्घकाळ टिकते. मालकांकडे बिलांची फाइल होती, तारखा ओळीने लागत होत्या. तिथे मी त्यांना पहिला मार्क दिला.

७.१५, अंगणातच

रत्नागिरीत गाडी किती किलोमीटर चालली याआधी ती कुठे उभी होती हे विचारावं. मांडवी, मिरकरवाडा, भाट्ये या बाजूला उघड्यावर राहिलेली गाडी आणि आत नाचण्याला शेडखाली राहिलेली गाडी, दोन्हींचं मीटर सारखं असलं तरी वय सारखं नसतं. खारा वारा पत्र्यावर मिठाचा थर धरतो, मीठ ओल धरतं आणि ओल पत्रा खाते. वर पावसाळ्याचं तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी. त्यात जांभ्याची लाल माती मडगार्डच्या आतल्या अस्तरामागे जाऊन बसते आणि दिवाळीपर्यंत सुकत नाही.

म्हणून मी वरचा चकचकीतपणा शेवटी बघतो. आधी दरवाज्यांच्या खालच्या कडा, पाणी जायची भोकं, जॅक लावायची जागा, डिक्कीतला स्टेपनीचा खड्डा. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीत नखाएवढा गंज. बाकी कोरडं.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र फिरवलं. सगळीकडे शंभर ते दीडशे मायक्रॉन, उजव्या मागच्या दारावर मात्र दुप्पट. "गेटला घासली होती," मालक स्वतःहून म्हणाले. रबर बीडिंग सोडवून पिलर पाहिला. कंपनीचे वेल्डिंगचे गोल ठिपके जागच्या जागी, म्हणजे फक्त दाराला रंग लागलाय, सांगाड्याला मार नाही. दार रंगवलेलं चालतं. पिलर रंगवलेला असता तर मी तिथेच निघालो असतो.

८.००, आतून

एमएच-०८ म्हणजे फक्त रत्नागिरी शहर नव्हे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत अख्खा जिल्हा त्यात येतो, आणि चिपळूणही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून, सीटकव्हर घालून पुन्हा विक्रीला आल्या. या जिल्ह्यात त्याआधीच्या कुठल्याही गाडीची ही परीक्षा मी चुकवत नाही.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ नाही. सीटखालचे रूळ आणि बोल्ट चमकदार. गालिचा उचलून खालचा फोम दाबला, कोरडा. आणखी एक पुरावा विम्याच्या कागदात असतो. या पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' ५० टक्के. तो सलग पाच वर्षं क्लेम न घेतल्यावरच मिळतो. बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे घेणाऱ्याचा हप्ता यापेक्षा जास्त येणार, हेही टिपून ठेवलं.

मीटरवर १ लाख १२ हजार. स्टिअरिंगचं चामडं दहा आणि दोनच्या जागी गुळगुळीत, ब्रेकच्या पेडलचं रबर एका कडेने झिजलेलं, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड थोडी बसलेली. आकड्याला शोभणारी झीज. चाळीस हजारांच्या मीटरमागे असं पेडल दिसलं, तर मीटर फिरवलंय असं समजायचं.

९.३०, मागची सीट

बागायतदार आईला घेऊन आले. चहा झाला. त्यांचा पहिला प्रश्न, "डिक्कीत पेट्या किती राहतील?"

"राहतील पुष्कळ, पण ठेवू नका," मी म्हटलं. पेटीतला पेंढा डिक्कीत सांडतो, पेंढ्याच्या मागे उंदीर येतात आणि उंदीर वायरिंग खातात. या वर्गातल्या गाडीचं हार्नेस बदलायचं म्हणजे एका झाडाचा आंबा गेला. पेट्यांना पिकअप आहेच.

मग खरं काम. "काकी, तुम्ही बसा बघू." सेडानची सीट जमिनीपासून खाली असते. काकी एक पाय आत टाकून वाकल्या आणि कंबर धरून थांबल्या. त्यांना सांगितलं, आधी पाठ करून बसा, मग दोन्ही पाय आत फिरवा. तसं जमलं. बसल्यावर मात्र चेहरा बदलला. दोन चाकांमधलं अंतर २,८०० मिलिमीटर. गुडघ्यांपुढे हात पसरता येतो, मांडीला शेवटपर्यंत आधार मिळतो आणि पाठ थोडी मागे कललेली राहते. उतरताना पुन्हा त्रास झाला. मी कागदावर दोन वेगळे रकाने केले : 'बसून राहणं' आणि 'बसणं-उठणं'. सेडान पहिल्यात जिंकते, उंच एसयूव्ही दुसऱ्यात. दिवसाला दहा वेळा बाजारात चढ-उतार करायची असेल तर ही गाडी चुकीची. एकदा बसून तीन-साडेतीन तास जायचं असेल, तर हिच्या जवळपास या पैशात काही येत नाही.

१०.३०, रस्त्यावर

गाडी बागायतदारांनी चालवायची, मी मागे काकींच्या शेजारी. आरामाची गाडी पुढच्या सीटवरून तपासणं म्हणजे जेवण स्वयंपाकघरातल्या वासावरून ठरवणं.

साळवी स्टॉप, कुवारबाव, हातखंबा, पुढे पाली-नाणीजकडे. हाच काकींचा कोल्हापूरचा रस्ता. चौपदरीकरणामुळे कुठे नवं काँक्रीट, कुठे वळवलेली वाट, म्हणजे तपासणीला उत्तम. काँक्रीटवर ताशी ८० ला आवाज न चढवता बोलता येत होतं. टायरची घरघर मात्र हवी त्यापेक्षा जास्त. वळणांवर गाडी झुलत नाही, कारण वजन खाली आहे. काकींना आंबा घाटात उंच गाडीतून जाताना उलट्या होतात. वळणांच्या त्या रस्त्यावर हा फरक औषधाइतका मोलाचा.

खराब पट्ट्यावर डाव्या पुढच्या चाकातून 'टक-टक'. छोट्या खड्ड्यात आवाज, मोठ्यात नाही. बहुधा आर्मचं बुश किंवा लिंक. एका उंच गतिरोधकावर तिघांच्या वजनाने गाडी खाली लागली. लांब गाडी, कमी उंची, याला उपाय नाही. सावकाश आणि तिरकी घ्यायची. ज्यांच्या घराची पाखाडी चढी आणि दगडी आहे, त्यांनी आधी आपल्या दारात नेऊन बघावी. पावसला यांच्या गेटपर्यंत डांबर आहे, ते मी आधीच विचारून घेतलं होतं.

गिअर बदलताना धक्का नाही. चढावर एसी चालू ठेवून तापमानाचा काटा हलला नाही. परत आल्यावर, इंजिन बंद करून गिअरबॉक्सच्या ऑइलची डिपस्टिक पाहिली. तपकिरी झालेलं, पण जळका वास नाही. बदलायला हवं.

दुपारी १२.३०, एमआयडीसीतलं गॅरेज

गाडी लिफ्टवर. खाली गेल्याशिवाय निकाल देत नाही. पुढच्या दोन्ही खालच्या आर्मची बुशं फाटलेली, लिंक सैल, मागचे शॉकअप ओले. हे गाडीचं अपयश नव्हे. महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चालू असलेल्या जिल्ह्यात तेरा-चौदा वर्षं फिरलेल्या कुठल्याही गाडीचं तेच होतं. ऑइल चेंबरला खालून घासल्याच्या खुणा, पण तडा नाही. ब्रेकच्या नळ्या शाबूत.

टायरवर चार आकडी शिक्का २३१९, म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले. नक्षी शिल्लक, रबर कडक. घरघर तिथूनच येत होती. आरामाचा मोठा हिस्सा टायर आणि बुशांत असतो. दोन्ही बदलले की ही गाडी पुष्कळशी पूर्वीसारखी होईल.

२.३०, फोन आणि हिशेब

जेवण गॅरेजमध्येच. मग कोल्हापूर आणि पुण्याच्या पार्टवाल्यांना फोन. ही पिढी भारतात बंद होऊन दशक उलटलं. पुढे २०१६ मध्ये अकॉर्ड हायब्रिड रूपात परत आली आणि तीही थांबली. झिजणारे भाग मिळतात, दिवे आणि बंपर मिळायला वेळ लागतो. गिऱ्हाइकांना नेमकं हेच उमगत नाही. नवी असताना वीस लाखांच्या घरातली गाडी आज चार लाखांवर आली, पण तिचा आर्म, तिचा दिवा, तिचा कॉम्प्रेसर चार लाखांच्या गाडीचा झाला नाही. किंमत उतरते ती गाडीची.

यादी केली. चार टायर ४०,०००. आर्म, बुश, लिंक ३८,०००. मागचे शॉकअप २२,०००. बॅटरी ७,०००. इंजिन आणि गिअर ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड मिळून २०,०००. बेरीज १ लाख २७ हजार. पेट्रोलच्या रबरी नळ्याही तपासून घ्यायला लिहिलं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे आणि ही गाडी त्याच्या खूप आधीची.

४.००, कागद

परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला. नाव तेच, बँकेचा बोजा उतरलेला, पीयूसी चालू, दोन चलनं थकलेली, ती मालकांनी भरायची. नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसलेली.

महत्त्वाची तारीख वेगळीच. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पुरी होतात. नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, पण गाडी आरटीओत दाखवावी लागते, १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० झालंय, शिवाय पर्यावरण कर. रक्कम फार नाही. पण सकाळी खालच्या कडा का तपासल्या, त्याचं उत्तर या तारखेत आहे. सांगाडा सडका असता तर ही गाडी फार दिवसांची पाहुणी नव्हती.

५.३०, आकडा

बागायतदारांसमोर दोन हिशेब मांडले. नवी छोटी गाडी रस्त्यावर येईतो साडेसात लाख. ही गाडी ३ लाख ४० हजारांना मिळाली, १ लाख २७ हजार दुरुस्ती, आणि ७५ हजार अचानक खर्चासाठी बँकेत बाजूला : एकूण ५ लाख ४२ हजार. फरक २ लाख ८ हजारांचा. आता वर्षाला आठ हजार किलोमीटर धरा. ही लिटरला दहा देईल, छोटी वीस. वर्षाला चारशे लिटर जास्त, सुमारे ४२ हजार रुपये. पाच वर्षांत पेट्रोलच तो फरक गिळून टाकतं.

"म्हणजे स्वस्त नाही," ते म्हणाले.

"स्वस्त अजिबात नाही. तेवढ्याच पैशात आईची कंबर सांभाळली जाते, एवढंच."

मालकांनी यादी वाचली, इंजिनिअर असल्यामुळे वाद घातला नाही. सव्वाचारवरून पावणेचार, मग साडेतीन, शेवटी ३ लाख ४०. इसार दहा हजार. बाकी चेकने, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या होतील त्या दिवशी. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने गाडी नावावर करून घेईपर्यंत जुन्या नावावर फिरवायची नाही.

जाताना बागायतदारांनी शेवटचा प्रश्न विचारला. पाच वर्षांनी विकताना काय येईल?

"काही नाही, असं धरूनच घ्या," मी म्हटलं. मोठी, खाली बसलेली, पेट्रोल पिणारी सेडान तेव्हा कोणी विचारणार नाही. आज ती तुम्हाला याच कारणामुळे परवडली. टायर आणि बुशं याच आठवड्यात बदला आणि पुढच्या तपासणीला काकींना हिच्यातून न्या. जितके दिवस त्या मागच्या सीटवर निवांत बसतील तितकी गाडी वसूल. विकायच्या भावासाठी जपून अंगणात ठेवलीत, तर खारा वारा तिला फुकट खाईल.