मगरिबनंतरचे आकाश आणि माणसांनी सोडलेले तारे

2 एप्रिल 2022 ची संध्याकाळ महाराष्ट्रातील पुष्कळ मुस्लिम घरांच्या लक्षात असेल. रमजानचा चांद पाहण्यासाठी लोक गच्चीवर आणि माळवदावर चढले होते. त्याच दिवशी गुढीपाडवाही होता. पावणेआठच्या सुमारास विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातील लोकांना आकाशातून जळत जाणारे गोळे एका ओळीत दिसले. मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान पडले म्हणाले, कोणी क्षेपणास्त्र म्हणाले. काही घरांत बायकामुले घाबरून गेली.

त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले.

ते नेमके काय होते, हे कसे कळले? त्याच दिवशी न्यूझीलंडहून एक रॉकेट सुटले होते, म्हणून आधी काहींनी त्याचे नाव घेतले. पण अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ, दिशा आणि ठिकाण यांचा मेळ घालून सांगितले, की हा चीनच्या ‘चांग झेंग 3 बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. ते रॉकेट फेब्रुवारी 2021 मध्ये सुटले होते. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून तो टप्पा खाली आला होता. हे काम केवळ दुसऱ्यांच्या रॉकेटांचे नाही. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सापडलेला मोठा नळकांडीसारखा भाग आपल्याच पीएसएलव्हीचा निघाला.

ओळखायचे कसे?

आज पृथ्वीभोवती नोंद असलेल्या 30,000 हून अधिक वस्तू फिरत आहेत. त्यात चालू उपग्रह आहेत, बंद पडलेले आहेत आणि रॉकेटांचे तुकडेही आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे. यांतील बऱ्याच वस्तू दुर्बिणीशिवाय दिसतात.

उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे अंधार पडलेला असतो, पण शेकडो किलोमीटर उंचीवर ऊन असते. ते ऊन त्याच्यावर चमकते. म्हणून मगरिब आणि इशा यांच्या दरम्यानचा वेळ आणि फजरच्या आधीचा वेळ सर्वांत चांगला. मध्यरात्री बहुतेक उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतात. चालता चालता एखादा मध्येच विझतो, तो याच सावलीत शिरलेला असतो.

विमानाचे दिवे लुकलुकतात आणि त्यात लाल-हिरवा रंग असतो. उल्का क्षणात संपते. उपग्रह मात्र एकसारख्या उजेडाने शांतपणे पुढे सरकतो. उजेड ठरावीक वेळाने कमी-जास्त होत असेल, तर ते बहुधा गिरक्या घेणारे रिकामे रॉकेट असते. एका ओळीत मण्यांसारखे ठिपके चालले, तर नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह समजावेत. जळत जाणारा कचरा उल्केपेक्षा सावकाश जातो आणि जाता जाता त्याचे तुकडे होतात. सर्वांत ठळक दिसते ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून ते दीड तासात पृथ्वीला एक फेरा घालते.

वही, घड्याळ आणि मूठ

आमच्या दुधनीसारख्या गावात एक मोठी सोय आहे. बाजारपेठेच्या दिव्यांपासून थोडे दूर शिवाराकडे गेले, की आकाश काळेभोर मिळते. मुलींना तर घरच्या माळवदावरूनही पाहता येते. किब्ला कुठे हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते, म्हणजे पश्चिम सापडलीच. उत्तरेला कुत्ब तारा, म्हणजे ध्रुव. दुधनीत तो क्षितिजापासून सुमारे 17 अंशांवर असतो. हात लांब करून धरलेली मूठ जवळजवळ 10 अंश व्यापते, म्हणजे दोन मुठींहून थोडा कमी.

वहीत तारीख, सेकंदापर्यंत वेळ, कुठून कुठे गेला, कोणत्या ताऱ्याजवळून गेला आणि उजेड स्थिर होता की नाही, एवढे लिहावे. मग ‘हेवन्स अबव्ह’ या संकेतस्थळावर आपले गाव आणि वेळ टाकली, की नाव जुळवता येते.

हा केवळ खेळ समजू नये. इंग्लंडमधील केटरिंगच्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. ते आणि त्यांचे विद्यार्थी रेडिओवर सोव्हिएत उपग्रहांचे आवाज ऐकून वेळा टिपत असत. 1966 मध्ये त्याच नोंदींवरून त्यांनी ताडले, की उपग्रह आता एका नव्याच, गुप्त तळावरून सुटत आहेत. तो प्लेसेत्स्कचा तळ होता. मोठमोठ्या देशांनी लपवलेली गोष्ट शाळकरी मुलांच्या वहीने उघड केली.

आपल्याकडे या शिस्तीला नवखेपणा नाही. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी ताऱ्यांची जागा आणि तेज स्वतः पाहून तपासले. चांदाची गवाही देतानाही आपण विचारतो: तू स्वतः पाहिलास का, केव्हा, कोणत्या बाजूला? आलेल्या बातमीची शहानिशा करावी, ही सूरह हुजुरातची ताकीद तर सर्वांना माहीत आहे. आकाशातल्या दिव्याची चित्रफीत पुढे पाठवताना मात्र आपण ती विसरतो.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. आकाशातून पडलेली वस्तू दिसली, तर हात लावू नये. टाकीत विषारी इंधन उरलेले असू शकते. दूर उभे राहून जागा आणि वेळ लिहावी व पोलीस पाटलांना किंवा पोलीस ठाण्याला कळवावे. भंगार म्हणून विकणे तर मुळीच नको. अंतराळातून पडलेल्या वस्तूने नुकसान झाले, तर ती सोडणाऱ्या देशावर भरपाईची जबाबदारी येते, असा 1972 चा आंतरराष्ट्रीय करार आहे. अशा वेळी गावकऱ्यांची नोंद हाच पुरावा ठरतो.

येत्या सुट्टीत मगरिबची नमाज झाली, की मुलामुलींना अर्धा तास वर घेऊन जा. दुर्बिणीचा खर्च नाही. एक वही पुरे.