ईलपालन करावे का? आधी बीज कोठून येते ते पाहू

मेळघाटातील कोरकू कुटुंबांना शेतीला जोडधंदा कोणता सुचवावा, हा आपल्या सर्वांच्या काळजीचा विषय आहे. पावसाळ्यानंतर धारणी-चिखलदऱ्याची कितीतरी घरे मजुरीसाठी खाली उतरतात आणि मुलांची शाळा सुटते. गावातच चार पैसे मिळाले तर हे थांबेल. म्हणूनच ईल माशाच्या पालनाची माहिती ऐकली की मन तिकडे ओढले जाते.

ते आकर्षण खोटे नाही. सापासारखा लांब दिसणारा हा मासा जपानमध्ये आवडीने खातात आणि त्याला भावही चांगला मिळतो. तो टाकीत दाटीने वाढतो, त्यामुळे जागा कमी लागते.

अडचण आहे ती बीजाची. ईल समुद्रात जन्मतो. त्याची काचेसारखी पारदर्शक पिल्ले किनाऱ्याला लागतात व नद्यांतून वर चढतात. तीच पकडून पाळली जातात. जपानी शास्त्रज्ञांनी 2010 साली प्रयोगशाळेत त्याचे संपूर्ण जीवनचक्र घडवून आणले. तरी धंदा अजून मुख्यतः निसर्गातल्या पिल्लांवरच चालतो.

आपल्या सिपना व गडगा नद्या तापीला मिळतात. तेथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि वाटेत हतनूर व उकाई ही धरणे. म्हणजे बीज बाहेरच्या व्यापाऱ्याकडूनच घ्यावे लागणार आणि मासाही त्यालाच विकावा लागणार, कारण जपानी भाव देणारे गिऱ्हाईक परतवाडा-अकोटच्या बाजारात नाही. दोन्ही दोऱ्या एकाच हातात गेल्या की काय होते, हे 2019 साली सांगली भागातील कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेत दिसले. शेतकऱ्यांचे पैसे बुडाले.

रोहू, कटला आणि मृगळ यांचे तसे नाही. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शनच्या साहाय्याने या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे आज मत्स्यबीज केंद्रांतून बीज विकत मिळते. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या व मृगळ तळाशी चरतो. म्हणून तिन्ही एकाच तळ्यात वाढतात. शेणखत, कोंडा व पेंड एवढ्यावर भागते. आपली शेततळी उन्हाळ्यात आटतात, तेव्हा पावसाळ्यात बोटाएवढे बीज सोडावे व पाणी संपण्याआधी मासे काढावेत. न विकलेला मासा घरच्या लेकरांच्या ताटात जातो. कुपोषणाने पोळलेल्या मेळघाटात ही गोष्ट लहान नव्हे.

तेव्हा कोणत्याही नव्या धंद्याला हातभार लावण्यापूर्वी आपण दोन प्रश्न विचारू या. बीज कोठून येणार? आणि माल आठवडी बाजारात खपेल का? उत्तरे गावाजवळ मिळाली, तरच आपली देणगी त्या घराच्या उपयोगी पडेल.